तळणीच्या तेलाचं डिझेल

आमचं हॉटेल मढच्या पुढं, माळशेजच्या रस्त्याला आहे. हॉटेल आपलं म्हणायचं म्हणून. पत्र्याची शेड, थोडी बाकडी, दोन शेगड्या आणि एक मोठी कढई. पावसाळ्यात घाट बघायला आलेली माणसं थांबतात, ओल्या कपड्यांनी उभी राहून भजी मागतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी चढलेली कढई अंधार पडेपर्यंत उतरत नाही. तेल काळं पडतं, जड होतं, त्यावर फेस धरायला लागतो. मग ते बदलावंच लागतं. बदललेलं तेल आम्ही पत्र्याच्या डब्यांत भरून शेडमागं ठेवायचो आणि एक माणूस मोटारसायकलवर येऊन ते घेऊन जायचा.

तो त्या तेलाचं काय करतो हे मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. एकदा विचारलं. त्यानं काही आडपडदा ठेवला नाही. गाळतो, थोडं नवं मिसळतो आणि पुढं बारक्या गाडीवाल्यांना देतो, म्हणाला. ते पुन्हा त्यात तळतात. मी त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तो हसून निघून गेला, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमच्या कढईतलं जळकं तेल कुठल्या लेकराच्या पोटात जात असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

त्यानंतर डबे साठायला लागले. मुंग्या लागल्या, घुशी आल्या, खवट वास सुटला. माझा नवरा शांत माणूस आहे. तो चिडला नाही. एके दिवशी डब्यांकडं बघत त्यानं एवढंच विचारलं, की यांचं काय करायचं ठरवलंय. मी ठरवलं काहीच नव्हतं. पण त्यानं विचारल्यावर मला एकदम आठवलं की तेलाचं डिझेल होतं.

मी जुन्नरच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन शिकले. लग्न लगेच झालं आणि पुढचं राहून गेलं. संसारात मी दुःखी होते असं नाही, पण माझ्या हाताला सारखं काहीतरी लागायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, मसाल्याचे डबे उलटसुलट लावायची, रस्त्याच्या कडेनं उगाच धरणाच्या दिशेला चालून यायची. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला चाकं आहेत. प्रयोगशाळेत मात्र मी तासन्‌तास एका जागी उभी असायची. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब पडताना बघायचा आणि रंग बदलला की तोटी बंद करायची, हे मला मनापासून आवडायचं.

रीत तशी अवघड नाही, जोखमीची आहे. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, कोमट करायचं. मिथेनॉल म्हणजे एक जातीचं स्पिरिट, त्यात कॉस्टिक सोडा विरघळवायचा आणि ते तेलात मिसळून चांगलं घुसळायचं. मग ठेवून द्यायचं. खाली तपकिरी ग्लिसरीन बसतं, वर मधासारखं डिझेल तरंगतं. पण मिथेनॉल हे जहर आहे. वासाला दारूसारखं, दिसायला पाण्यासारखं, आणि घोटभर पोटात गेलं तर डोळे जातात, पुढं जीव जातो. विषारी दारूनं माणसं मेल्याच्या बातम्या येतात, त्यात बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून ते कुणालाही सुटं मिळत नाही. मी परवानगीचे कागद करायला लागले. त्यात एक अख्खा हिवाळा गेला. कचेरीतले लोक माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, बाई, भजी तळा की. पण कागद झाले. चाकणच्या रसायनांच्या दुकानातून निळा कॅन आला. नवऱ्यानं घराच्या मागं, हॉटेलापासून लांब एक पत्र्याची खोली उभी केली. तिला मी कुलूप घातलं.

पहिला घाणा पार फसला. तेलात पाणी राहिलं होतं आणि सोडाही जास्त पडला. सकाळी ड्रम उघडला तर आत सगळं खरवसासारखं घट्ट. साबण झाला होता. तो आम्ही लादी आणि ताटल्या घासायला पुढं किती तरी दिवस वापरला. मग मी शहाणी झाले. दरवेळी तेल तपासायचं ठरवलं. कॉलेजातला रंगद्रव्याचा थेंब कुठून आणणार? मी हळद घेतली. स्पिरिटमध्ये हळद कालवायची, त्यात तेलाचा थेंब टाकायचा आणि वरनं सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडत जायचं. पिवळं होतं ते एका थेंबासरशी कुंकवासारखं लाल होतं. तेवढ्यावरून कळतं तेल किती आंबलंय आणि सोडा किती लागेल. पहिल्यांदा तो लाल रंग आला तेव्हा मी खोलीत एकटीच होते. कॉलेज सोडल्यापासून इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ आमच्याकडं राहायला आला.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, पारगावच्या बाजूला. भाऊ ट्रॅक्टर चालवायचा. हंगामात दोन ट्रॉल्या उसानं भरून कारखान्यावर न्यायच्या, रांगेत थांबायचं, खाली करून पुन्हा फडावर यायचं. त्या रांगेतल्या थांबण्यात त्याला दारू लागली. आधी रात्री, मग दिवसा, मग सकाळी उठल्या उठल्या. एकदा भरलेल्या ट्रॉल्या त्यानं कालव्याच्या चारीत घातल्या. कुणाला लागलं नाही हे नशीब, पण त्याचं काम गेलं. बायको मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. आईनं त्याला व्यसन सोडवणाऱ्या केंद्रात ठेवलं. तिथून तो सुटला तेव्हा हडकुळा झाला होता आणि मान खाली घालून बोलायचा. गावात राहिला तर जुने सोबती त्याला सोडणार नाहीत, अशी आईला भीती होती. तिनं मला फोन केला. नवरा म्हणाला, येऊ दे पावण्यांना, हितं हवा चांगली हाय.

दारू सुटली तरी तिची तडफड सुटत नाही, हे मी त्याच्याकडं बघून शिकले. तो खाटेवर बसला की उठायचा, उठला की अंगणातनं फिरायचा. चहाचा कप एका हातातून दुसऱ्या हातात. सुतळी मिळाली की तिचे पेड सोडायचा आणि पुन्हा वळायचा. माझंच रूप मोठं करून कुणी माझ्यासमोर आणून ठेवलंय, असं वाटायचं. आम्ही दोघं लहानपणी एका ताटात जेवलो, पण मला कढईवर राग काढता आला, त्याला बाटली मिळाली. फरक एवढाच का, असं मी स्वतःला विचारायची आणि मग तो विचार झटकून टाकायची.

तेलाच्या कामात तो आपणहून शिरला. आमच्या पिकअपमध्ये डबे घालून तो लेण्याद्रीच्या पायथ्याला जायचा. तिथल्या वडेवाल्या बायकांशी त्यानं ओळख काढली आणि त्यांचंही जुनं तेल आणायला लागला. घुसळायचं काम तर त्यानं पूर्णच आपल्याकडं घेतलं. बंद ड्रम आडवा करायचा आणि अंगणात पायानं इकडून तिकडं लोटत राहायचा. मी मधून मधून बूच सैल करून वाफ सोडायची. तासभर तो ड्रम लोटत फेऱ्या घालायचा. त्याच्या पायांना पहिल्यांदाच कामाच्या फेऱ्या मिळाल्या होत्या. मला बघून बरं वाटायचं.

मिथेनॉल मात्र मी त्याच्या हाती दिलं नाही. आल्या आल्याच मी त्याला सगळं सांगितलं होतं, की हे काय आहे आणि यानं काय होतं. तुला याच्याजवळ राहवेल का, हेही विचारलं होतं. तो हसला. म्हणाला, आक्का, मी येवढा येडा न्हाई. तरी सोडा विरघळवताना मी त्याला रस्त्यापलीकडं पाठवायची. किल्ली माझ्या गळ्यात, मंगळसूत्राबरोबर. ती किल्ली त्यानं बघितली होती.

आमचं थोडं रान ओढ्याच्या कडेला आहे. तिथं वीज येते ती बहुतेक रात्रीची, आणि रात्री बिबट्याच्या भीतीनं कुणी रानात जायला धजत नाही. म्हणून दिवसा पाणी द्यायला जुनं डिझेल इंजिन ठेवलंय. पहिलं चांगलं डिझेल निघालं, पाण्यानं धुतलं, उन्हात सुकवलं आणि आम्ही तिघं ते घेऊन ओढ्यावर गेलो. भावानं टाकी भरली आणि हँडल मारलं. इंजिन खोकलं, थांबलं. त्यानं पुन्हा मारलं आणि ते चालू झालं. धूर पांढरट आणि वास थेट भज्यांचा. शेजारच्या रानातला म्हातारा बांधावर येऊन विचारायला लागला, काय तळताय राव. नवरा एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. भाऊ इंजिनावर हात ठेवून उभा होता. पाईपातून पाणी पडायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, ह्येच्यावर ट्रॅक्टर बी चालंल." कित्येक महिन्यांनी तो मान वर करून बोलला होता.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते वाईट दिवसांत झालं नाही. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच झालं.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा तोंडावर आला होता. त्या दिवशी नवरा आणि मी सकाळीच पिकअप घेऊन जुन्नरला बाजाराला गेलो. कांदे, बेसन, मिरच्या घेऊन परत आलो तर हॉटेल बंद. भाऊ दिसला नाही. मी सामान उतरवलं, चहा ठेवला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं म्हणून घरामागं गेले. खोलीची कडी उचकटलेली होती. कुलूप तसंच्या तसं कडीत लटकत होतं. आत तेलाचे डबे होते, ड्रम होता, सोड्याचा डबा होता. निळा कॅन नव्हता. निम्म्याहून जास्त भरलेला होता तो. अंगणात नवऱ्याची मोटारसायकलही नव्हती.

भावाचा फोन बंद लागत होता. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.

नवऱ्याला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्यानं लगेच पिकअप फिरवली. आधी आम्ही जवळच्या वस्त्यांवर गेलो, जिथं हातभट्टी मिळते असं म्हणतात तिथं. तिथल्या बाईनं शपथेवर सांगितलं, असा कुणी आला नाही. मी तिला सांगितलं की निळ्या कॅनमधलं कुणी काही विकायला आणलं तर घेऊ नका, माणसं मरतील. ती घाबरून माझ्याकडं बघत राहिली. तिथून आम्ही ओढ्यावर गेलो, इंजिनाजवळ बघितलं, करवंदीच्या जाळीतनं बघितलं. मी प्रत्येक झाडाच्या बुडाशी बघत होते. उताणा पडलेला माणूस शोधत होते मी, हे आता लिहिताना कळतंय.

मग लेण्याद्री. पायथ्याच्या एका वडेवालीनं तो सकाळी बघितला होता. गाडी थांबवून तिच्याकडनं त्यानं पाणी घेतलं आणि कॅनची दोरी घट्ट बांधली. बोलला नाही, पण नीट दिसत होता, म्हणाली. कुठं गेला, तर जुन्नरकडं. आम्ही जुन्नरला आलो. एसटी स्टँडवर बघितलं, बाजाराच्या गर्दीत बघितलं. सरकारी दवाखान्यात मी आत जाऊन विचारलं, कुणी डोळ्यांना दिसत नाही म्हणून आलंय का, कुणाला उलट्या होताहेत का. तिथल्या सिस्टरनं मला बसवलं आणि तिच्या पाठीमागच्या दारातनं जाऊन बघून आली. कुणी नव्हतं. ती म्हणाली, सापडला की लगेच इकडं आणा, वाट बघू नका. मी हो म्हटलं आणि माझे पाय मला बाहेर घेऊन आले. गाडीत बसवेना. नवरा गाडी चालवत होता आणि मी दोन्ही हातांनी दार धरून खिडकीबाहेर वाकले होते. रस्त्यानं दिसणारी प्रत्येक मोटारसायकल मला आमचीच वाटायची.

नारायणगावच्या अलीकडं आईचा फोन आला. ती शेजारणीच्या फोनवरून बोलत होती.

"तो हितं हाय," ती म्हणाली. "तोडलेल्या उसाच्या रानात बांधावर बसलाय. निळा डबा हाय त्येच्याजवळ."

प्यायलाय का, मी विचारलं.

"मला कसं कळावं? मी जवळ गेली न्हाई. जवळ गेली तर उठून जाईल. मी बी लांब बसलीया, त्येला दिसंल अशी."

तिथून पारगावपर्यंतचा रस्ता माझ्या पायाखालचा आहे, पण त्या दिवशी तो संपेना. उसाच्या बैलगाड्या, मोळ्यांनी भरलेल्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं आम्ही. नवरा एकदाच बोलला. डोळे लाल असले तर काय करायचं, विचारलं. मी म्हटलं, आधी दवाखाना.

रान आमच्याच भावकीतलं. ऊस तोडून नेला होता, पाचट पसरलं होतं. अलीकडच्या बांधावर आई डोक्यावर पदर घेऊन बसली होती, दगडासारखी. पलीकडच्या बांधावर बाभळीच्या सावलीत माझा भाऊ. दोघांच्या मधे सगळं मोकळं रान. मी पाचटातनं पळत गेले. तो उठला नाही. मी त्याचं तोंड धरलं, डोळे बघितले, त्याच्या श्वासाचा वास घेतला. चहाचा वास होता. मग मी कॅनकडं बघितलं. कितपत भरलाय ते बाहेरून दिसतं, उजेड पलीकडून असला तर. मी बघणार नव्हते, पण नजर गेलीच.

"बघ," तो म्हणाला. "हालवून बघ. बुचाला हात लावला न्हाई मी."

कॅन जसाच्या तसा होता. मी त्याच्या शेजारी मातीत बसले. आता मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. हाताला लागेल ते पाचट मी मोडत राहिले.

हळूहळू त्यानं सांगितलं. सकाळी आम्ही बाजाराला गेल्यावर तो अंगण झाडत होता. झाडता झाडता खोलीच्या दाराशी उभा राहिला. रोजच उभा राहायचा, म्हणाला. आत किती उरलंय हे त्याला आत न जाता ठाऊक असायचं, कारण दर घाण्याला किती लागतं ते त्यानं मनात मोजून ठेवलं होतं. आज बायको, पोरं, आई, मी, सगळ्यांची आठवण काढून झाली, तरी पाय दारातनं हलेनात. तेव्हा त्यानं पहार घेतली आणि कडी काढली. कॅन गाडीला बांधला आणि तो थेट चाकणला निघाला, दुकानात परत द्यायला. दुकानदारानं घेतला नाही. उघडलेला माल परत घेत नाहीत, आणि ज्याच्या नावानं दिला त्याच्याशिवाय तर नाहीच. त्याला हाकललं. मग तो कॅन घेऊन फिरत राहिला. नदीत ओतावं तर मासे मरतील, जनावरं पाणी पितात. टाकून द्यावा तर ऊसतोडीच्या अड्ड्यावरचं कुणीतरी वासानं उघडून पिणार. फोन त्यानंच बंद केला होता. तू ओरडशील म्हणून, म्हणाला. घरी परत न्यायचा तर मन होईना. शेवटी आईच्या दारापर्यंत आला आणि तिथंही आत जाववेना. म्हणून इथं बसला.

"इख हाय म्हणून तू सांगितलंस," तो म्हणाला. "त्येवढ्यानं माणूस लांब ऱ्हातो असं तुला वाटलं. मला बी वाटलं व्हतं. पण मनात यायचं, इख असलं तरी आधी चढंलच की. डोळं मागनं जातील. हे मनात आलं तवा मला माझंच भ्या वाटलं."

मी कॅन ओढून माझ्या बाजूला घेतला.

"आता ह्ये कुठं वतायचं ते सांग, आक्का," तो म्हणाला. "मला सकाळधरनं येवढंच कळंना."

कुठंच ओतायचं नाही, मी सांगितलं. मी ते संपवते. तो म्हणाला, संपव, पण मी नसताना. तेवढ्यात नवरा पाचट तुडवत आला. त्यानं कॅन उचलला, पिकअपच्या मागं नेऊन ताडपत्रीखाली बांधला आणि परत येऊन माझ्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. चला पावणं, भाकरी खाऊ, म्हणाला. आई अजून पलीकडच्या बांधावरच होती. भाऊ उठून तिच्याकडं चालायला लागला तेव्हा ती उठली, पण पुढं आली नाही. तो जवळ पोचेपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही.

भाऊ आईकडं राहिला. मी मढला येऊन उरलेल्या सगळ्या तेलाचे घाणे एकामागून एक लावले. ड्रम मीच लोटला. अंगणातनं त्याच फेऱ्या घालताना माझ्या पोटऱ्या भरून यायच्या, आणि डोक्यात तो दारात उभा असलेला दिसायचा. आमच्या घराच्या भिंतीला लागून रोज एक माणूस असा झुंजत होता, आणि मी आत हळदीचा रंग बघून खूश होते. कॅन रिकामा झाला तेव्हा मी तो पाण्यानं खळखळून काढला, उन्हात उघडा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कोयत्यानं त्याचे तुकडे केले. शेवटच्या डिझेलवर इंजिन पूर्ण उन्हाळा चाललं. रानातल्या टोमॅटोला पाणी कमी पडलं नाही.

पुन्हा कॅन आणायचा की नाही, यावर नवरा एकदाच बोलला. पावण्यांना इचार आन मग आण, म्हणाला. भावाला मी विचारलं. तो म्हणाला, तू आण आक्का, मी तिकडं येणार न्हाई येवढंच. मग मी आणला नाही. आता तळणीचं तेल गोळा करणारा एक टेम्पो महिन्यातून येतो. ते लोक त्याचं डिझेलच करतात, मोठ्या कारखान्यात. मी एकदा त्यांच्या ड्रायव्हरला सोडा किती घालतात ते विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. टेम्पो गेल्यावर मी मागच्या त्या खोलीत जाऊन आले. कडी अजून तशीच वाकडी आहे, कुणी बदलली नाही. आत आता कांदे असतात.

भाऊ सध्या मंचरच्या बाजूला दुधाचा टेम्पो चालवतो. मधे एकदा घसरला. एका लग्नात प्याला आणि तीन गावं फिरून आईच्या ओट्यावर येऊन पडला. पुन्हा केंद्रात गेला, पुन्हा आला. त्यावर मी कुणाला दोष देत नाही, त्यालाही नाही. त्याची बायको एका सणाला मुलांना घेऊन आली आणि राहिली. ती अजून त्याच्याकडं अर्ध्या नजरेनंच बघते. मी तिला सांगितलं, तसंच बघ, त्याला चालतं.

संध्याकाळी दूध पोचवून झालं की तो मला फोन करतो. विशेष काही बोलत नाही. दाजी काय करतात, गिऱ्हाईक होतं का, एवढंच. परवा फोन आला नाही. मी भजी सोडत होते आणि मन फोनकडं. गिऱ्हाईकानं मीठ मागितलं तर मी साखर दिली. शेवटी झारा नवऱ्याच्या हातात देऊन बाहेर रस्त्याला आले आणि इकडून तिकडं चालायला लागले. घाटाच्या दिशेनं, परत वळून, पुन्हा घाटाच्या दिशेनं. दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला. टेम्पोचं टायर बसलं होतं, जॅक मिळत नव्हता, म्हणाला. मी बरं म्हटलं. श्वास ऐकत राहिले, शब्द नीट जुळताहेत का ते ऐकत राहिले. त्याला ते कळलं असणार, कारण तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलला. टायर कुठं बसलं, जॅक कुणी दिला, त्या माणसाची म्हैस किती दूध देते, सगळं सावकाश सांगत बसला.